निळ्या वॉकमनमधली सवत

खरी सवत असती तर झिंज्या धरून दाराबाहेर काढली असती. माझी सवत कॅसेटमध्ये बसलेली, तिचं काय करायचं?

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि जुने वॉकमन जमवतात. कपाटात एकोणीस आहेत. मी त्यांना भंगार म्हणायचे, पण आता म्हणे हौशी लोक असल्या भंगाराच्या शोधात गावोगाव फिरतात. परवा असाच एकजण घरी आला. बाकीचे सोडून त्याने नेमका निळा उचलला आणि म्हणाला, सांगाल ती किंमत देतो. ह्यांनी तो त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच.

का, ते मला ठाऊक होतं. निळ्यात जी कॅसेट असते ती लग्नाआधीच्या ‘तिने’ बोलून पाठवलेली. दुसऱ्या मशीनवर तिचा आवाज घोगरा येतो म्हणे! रोज दुपारी जेवायला घरी आले की हे हेडफोन लावून खुर्चीत बसणार आणि डोळे मिटून गालातल्या गालात हसणार. पंचवीस वर्षं मी शेजारीच शिलाई मशीन चालवतेय. माझ्याकडे बघून कधी असे हसले नाहीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

काल सकाळी हे दुकानात गेल्यावर मी ती कॅसेट काढून मोठ्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. रेकॉर्डचं बटण दबेना. बघते तर, कुणी पुसू नये म्हणून ह्यांनी कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवलेले. कुणी म्हणजे कोण? घरात आम्ही दोघंच! मग मी भोकांवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. काही न भरता टेप फिरू दिली की जुनं पुसलं जातं, एवढं मला कळतं. एक बाजू अर्ध्या तासाची. तोवर मी गिऱ्हाइकाच्या पँटला टीप घालायला बसले, सुईदोऱ्याने. तोंड मात्र गप्प बसलं नाही. टेप संपल्यावर ती मागे फिरवून कॅसेट परत निळ्यात ठेवली.

दुपारी हे खुर्चीत बसले. हसले नाहीत. कपाळाला आठी पडली, पण हेडफोन काही निघाला नाही. कोरी टेप ऐकतायत बिचारे, असं म्हणून मी मनात खूश. अर्ध्या तासाने त्यांनी टेप थोडी मागे घेतली आणि हेडफोन माझ्या कानाला लावला.

आत मीच होते. “दोन शब्द बोलायला जीव जातो ह्यांचा. मी मेले तरी ह्यांना चार दिवस कळायचं नाही.” मध्येच सुई टोचल्याचं ‘स्स’सुद्धा. टेपरेकॉर्डरला स्वतःचा माइक असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता घर डोक्यावर घेतील, म्हणून मी कात्री घट्ट धरून बसले. हे हळूच म्हणाले, “एवढं साठलं होतं, तर मला का नाही बोललीस?”

मी म्हटलं, “तुमचे कान रिकामे कधी होते?”