हात वर करा

आमच्या डोंगरातल्या गावात सगळं सभेत ठरतं. पाण्याची पाळी, अल्पाकांची लोकर कातरायचा दिवस, सगळं हात वर करून. त्यामुळे माझ्या मुलीचा, नेलिदाचा विषयही त्यांनी सभेतच काढला. तिला चालता येत नाही, चाकांच्या खुर्चीत बसते.

"पोरीला आपल्या शाळेत घ्यायचं का, बोला," सभेचे प्रमुख तेओफिलोभाऊ म्हणाले.

"कायद्यानं तिला घ्यावंच लागतं," मी म्हटलं. "यात विचारायचं काय?"

"साबीनावहिनी, कायदा तिकडं राजधानीत. इथं सभा."

कोकाची पानं चघळत एकेकानं हात वर केला. शेवटी सगळ्यांचेच हात वर! टाळ्या पडल्या. माझी शेजारीण तर डोळे पुसायला लागली. नेलिदा मात्र मान खाली घालून खुर्चीचं चाक नखानं खरवडत बसली होती.

"आता सभेचे आभार तरी माना, वहिनी," तेओफिलोभाऊ हसत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं.

"मानते की! पण आधी तुमच्या पोराचं, विल्बेरचं होऊन जाऊ दे. तो शाळेत राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कोणीतरी फिसकन हसलं. विल्बेरच्या गलोलीनं निम्म्या गावाच्या काचा फोडल्यात. एकही हात वर झाला नाही.

तेओफिलोभाऊंनी सभेभर नजर फिरवली. त्यांचं हसू गेलं. मग त्यांनी स्वतःचाच हात हळूहळू वर केला.

"मोजा," मी म्हटलं.