उजव्या हाताची राखण

पांढरं, चार भोकांचं बटण टेबलावर मघाशी होतं तिथं नव्हतं. बोटभर सरकलं होतं — आणि सरकवलं होतं तिच्याच उजव्या करंगळीनं, जी दीड वर्षं टेबलावर नुसती ठेवलेली असायची. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वन्सं पाठमोऱ्या होत्या. तिनं डाव्या हातानं उजवा उचलून झटकन मांडीवर घेतला, वर कापड ओढलं... चोरी केल्यासारखं. कुणाची चोरी?

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आधी संशय आला, तोही देवाचा. आजच का? उद्या रविवार, उद्या चर्चमध्ये तिची साक्ष. पाळकसाहेब घरी येऊन सांगून गेले होते, तुमच्या दुखण्यातून प्रभूनं केवढं काम करून घेतलं ते मंडळींना कळू दे. घेतलं होतं, खोटं कशाला बोला. हात धड होता तोवर बायका तिच्याकडे यायच्या त्या भांडायला — बाही आखूड झाली, गळा ओढतोय — आणि ती मान वर न करता मशीन चालवत राहायची. मग अर्धांगाचा झटका आला, मशीनवर चादर पडली, आणि त्याच बायका तिच्या शेजारी बसून रडू लागल्या. ती ऐकायची, प्रार्थना करायची. डावा हात चांगला असताना त्या हटकून हा मेलेलाच हातात घ्यायच्या. सुरुवातीला तिला चीड यायची. पुढे पुढे... पुढे पुढे बेल वाजली की ती स्वतःच तो उशीवर काढून ठेवू लागली.

झटक्यानंतर सुरुवातीला किती दिवस ती देवाशी बोलली नव्हती! आणि मग एका सकाळी हात टेकून म्हणाली होती, बरं, हेच काम असेल तर हेच. आता दिलेलं काम तो काढून घेतोय? की पारखून बघतोय? की — बाई गं, स्वतःशी तरी खरं बोल — मीच हे दुखणं कुरवाळत बसलेय, लोक येतात म्हणून?

"कुणाशी पुटपुटतेस?" वन्संनी आतून विचारलं.

"कुणाशी नाही, वन्सं."

"मग चेहरा का असा झालाय, मांजरानं दूध प्यायल्यासारखा?"

वन्संची नजर अशी, की सुईच्या नेढ्यातून पलीकडचा उंट मोजतील. तिनं कापड आणखी ओढून घेतलं.

बेल वाजली. बेकरीवाली आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, आणि न विचारता कापड बाजूला सारून तिनं तो हात ओढून घेतला. मुलगी घर सोडून गेली होती. फोन नाही, निरोप नाही.

"माझंच काहीतरी चुकलं असणार, नाही का हो, टेलरबाई?"

बोटं वळवळली. त्यांना दाबायचं होतं. तिनं डोळे मिटले, प्रार्थनेचा शब्द शोधू लागली, पण सारी ताकद बोटं आवरण्यात चाललेली — मेलेला हात मेलेला ठेवायला एवढी मेहनत लागत असेल हे तिला कुठं ठाऊक होतं! समोर एक आई रडतेय आणि मी काय करतेय, तर हाताची राखण. तिला स्वतःची शिसारी आली. तिनं बोटं सोडून दिली.

ती मिटली. अशक्त, पण मिटली, बेकरीवालीच्या पंज्याभोवती. आता ही किंचाळेल, वन्सं धावत येतील, उद्याची साक्ष संपली...

बेकरीवालीनं उलट हात दाबला, नाक ओढलं आणि म्हणाली, "आणि भांडण तरी कशावरून? बुटांवरून."

कळलंच नाही हिला. म्हणजे हात मेलेला की जिवंत, हे हिनं कधी पाहिलंच नव्हतं? कधीच? तिला रागच आला, आणि रागामागून काहीतरी हलकं वर आलं, ज्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे तिला कळेना.

दारात वन्सं कप घेऊन उभ्या होत्या. त्यांची नजर त्या मिटलेल्या बोटांवरच होती.

"बुटांवरून?" तिनं बेकरीवालीला विचारलं, आणि हात झाकला नाही.