मनकर्णाबाईच्या दारातला तोफगोळा

ठेच लागली? लागणारच. परक्या घरात शिरताना माणसानं आधी खाली बघावं, मग वर. बसा उंबऱ्यावर, बोट चोळा, तोवर माझं थोडं ऐका.

मी तोफेचा गोळा बोलतोय. लोखंडाचा, वजनानं सहा शेर, एका अंगानं गंजलेला. अडगावच्या जानरावांच्या या घराचं दार वाऱ्यानं लागू नये म्हणून मला इथं टेकवून ठेवलंय. येणारा-जाणारा मला शिव्या घालतो. घाला बाप्पा. दिवसच्या दिवस माझ्याशी कोणी बोलत नाही, तेव्हा शिवी ऐकली तरी बरं वाटतं.

मला कुठं ओतलं ते गाव मला माहीत नाही. भट्टी होती, साचा होता, आणि माझ्यासारखे पुष्कळ भाऊ होते. सगळे सारखेच, म्हणून कोणालाच नाव नव्हतं. आम्हाला गाडीत घालून भोसल्यांच्या तोफखान्यानं या अडगावच्या माळावर आणलं. समोर इंग्रजांची फौज होती. मधे ज्वारी उभी होती, माणूस बुडेल एवढी उंच.

माझा गोलंदाज याच मुलखातला, काटकुळा माणूस होता. त्यानं जवळचं एक कणीस हातावर चोळलं, दाणा दातांखाली धरला आणि स्वतःशीच म्हणाला, "भरली आहे. कापाले आता कोण येईल?" मग त्यानं मला तोफेत सारलं आणि बत्ती दिली.

मी सुटलो आणि समोरच्या फौजेच्या पुष्कळ अलीकडं, ज्वारीतच पडलो. मागं कोणीतरी हसून म्हणालं, "फुकट गेला." तो शब्द माझ्या अंगाला चिकटला तो चिकटलाच. ज्या एका कामासाठी जन्माला आलो तेच हातून झालं नाही, याची मला फार लाज वाटली.

लढाई संपली, माणसं गेली. काळी माती मोठी खादाड आहे हो. उन्हाळ्यात भेगा पाडते आणि पावसात त्या मिटते. दरवर्षी मी थोडाथोडा खाली जात राहिलो. पन्नासेक वर्षं तिथं अंधारात काढली. वर पेरण्या व्हायच्या, बायांची गाणी यायची, बैलांचे पाय वाजायचे, आणि मी इथं आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं.

मग एका वैशाखात वखराची लोखंडी पास मला खणकन लागली. जानरावांचा मुलगा चंद्रभान वखर हाकत होता. अंगानं भरलेला, मिसरूड फुटलेला गडी. त्यानं मला हातांनी उकरलं, धोतरानं पुसलं आणि उचलताना हातातून निसटू दिलं. त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख मी तिथंच घेतलं. ते पुन्हा कधी आलं नाही. तरी लेकानं मला फेकून दिलं नाही, लंगडत खांद्यावरून घरी आणलं.

जानराव म्हणाले, "फेक ते अवदसा. लढाईची चीज घरात कायले?"

चंद्रभानची आई मनकर्णाबाई म्हणाली, "राहू द्या जी. कापूस तोलाले होईल."

वाण्याकडं वजन करून पाहिलं तर मी बरोबर सहा शेर भरलो. तेव्हापासून वेचणी करणाऱ्या बाया कापूस घेऊन आल्या की छपरीतल्या तराजूच्या एका पारड्यात मी आणि दुसऱ्यात कापूस. मला ते काम आवडलं. चंद्रभान सकाळी मला शंभरदा वर-खाली करायचा आणि हसायचा. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढीच काय ती सोबत.

गावातल्या विणकराचा मुलगा रऊफ हा त्याचा जिवाभावाचा. दोघं मिळून एलिचपूरच्या छावणीत गेले आणि कंटिंजंट पलटणीत शिपाई झाले. निजामाच्या नावाची पलटण, साहेबांच्या हुकमाची. सत्तावन साली उत्तरेत शिपायांनी बंड केलं आणि ते मोडायला या पलटणीला नर्मदेपलीकडं जायचा हुकूम आला. त्याआधी दोघं रजेवर घरी आले होते. मनकर्णाबाईनं चंद्रभानला आत ताट वाढलं आणि रऊफला अंगणात पत्रावळ. तशीच रीत होती, आणि रऊफलाही त्यात काही वाटत नसे. चंद्रभान आपलं ताट उचलून उंबऱ्यावर येऊन बसला, एवढंच.

जेवता जेवता दोघांची जुंपली.

रऊफ म्हणाला, "ज्याचं मीठ खाल्लं त्याची चाकरी कराची. शिपायाले राजा कोण ते इचारा लागत नाही."

"मीठ साहेबाचं असंल," चंद्रभान म्हणाला, "पीठ तं आपल्याच वावरातलं आहे ना? समोर आपल्यासारखेच गडी उभे राहतीन. त्यायच्यावर बंदूक कशी धरू?"

"मंग नाव काहून लिवलं पलटणीत?"

"तवा समोर कोण राहीन ते कोणी सांगतलं नव्हतं."

जानराव आतून ओरडले, "गप बसा लेकहो, भिताडाले कान असतात."

चंद्रभाननं हसत मला उचललं. "याले इचारू. काय रे, तू कोणाच्या बाजूचा?"

मी काय सांगणार? ज्यानं बत्ती दिली त्याच्या बाजूचा. माझं मत कोणी विचारलंच नव्हतं.

दोघं गेले. दीड वर्षानं रऊफ एकटाच परत आला, लंगडत, छातीवर चांदीचा बिल्ला लावून. मनकर्णाबाई विहिरीवर गेली होती. छपरीत, माझ्या शेजारी उभं राहून त्यानं जानरावांना सांगितलं, "काका, चंद्रभान रातच्याले छावणी सोडून गेला. तिकडच्या लोकायत मिळाला. जिता आहे का मेला, मले ठावं नाही."

जानरावांचं तोंड पांढरं पडलं. पळालेल्या शिपायाचा बाप म्हणून आपलं वावर जाईल, ही भीती त्यांना आधी वाटली. त्यांना दोष देऊ नका, भीतीला लाज नसते. इतक्यात मनकर्णाबाई डोक्यावर घागर घेऊन आली आणि रऊफला पाहून जागच्या जागी थांबली.

"माहा पोरगा?"

"लढाई चालू आहे म्हणते अजून," जानरावच बोलून गेले. "संपली म्हंजे येईल." रऊफनं मान हलवली, आणि दोघंही त्या वाक्यात अडकले.

महिन्या-दोन महिन्यांनी सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. ते महिने कधी आलेच नाहीत. सणावाराला ती विचारायची आणि दोघं तेच सांगायचे. गावातले लोक सांगू लागले होते की तिकडं सगळं शांत झालंय, माफीचा जाहीरनामाही निघालाय. ती रऊफकडं संशयानं बघू लागली होती. तोच समुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई पेटली, आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला.

काय दिवस होते ते! अमरावतीच्या पेठेतून व्यापारी थेट अंगणात यायचे. आल्या आल्या मनकर्णाबाई विचारायची, "लढाई संपली का, दादा?" आणि ते खुशीत सांगायचे, "छे हो बाई, जोरात चालू आहे. अजून दोन वर्षं हलत नाही."

ती रऊफला म्हणाली, "पोरा, तू खरंच बोलत होता. मी उगाच वायटावली तुह्यावर."

बिचारा रऊफ. पाय अधू झाला म्हणून तो आता जानरावांची बैलबंडी हाकत असे, कापूस भरून अकोल्याला, अमरावतीला. त्यानं एकदा धीर करून म्हटलं, "माय, ते लढाई वायली आहे. समुद्रापलीकडं आहे."

"नर्मदेपलीकडं का समुद्रापलीकडं, पलीकडंच ना?" ती म्हणाली. तिच्या हिशेबानं जगात एकच लढाई होती आणि तिचा मुलगा तीत होता.

गावानं मारुतीला नवस केला की लढाई अशीच चालू दे. शेंदूर चढला, भंडारा झाला. आणि त्याच मारुतीपुढं ही बाई रोज दिवा लावून म्हणायची, लढाई थांबू दे. त्या मारुतीची किती पंचाईत झाली असेल! जानरावांच्या घरावर कौलं आली, बैलांना झुली आल्या. मनकर्णाबाईनं नवं लुगडं मात्र नेसलं नाही. कापूस तोलताना मला दोन्ही हातांनी पारड्यात ठेवायची आणि हलकेच म्हणायची, "त्याच्या हातचा आहे तू." मला वाटायचं, बाई, मला सगळं माहीत आहे गं. लोखंडाला तोंड नसतं याचं एवढं दुःख मला मातीतही झालं नव्हतं.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात एक दिवस रऊफ भरलेली बंडी तशीच घेऊन परत आला. कापूस कोणी घेतला नव्हता. वेशीवर लोक जमले. तो एवढंच म्हणाला, "लढाई संपली."

गावात चूल पेटली नाही. भाव कोसळला होता. ज्यानं त्यानं डोक्याला हात लावला. आणि या सुतकात मनकर्णाबाई डोक्यावर पदर घेऊन, परातीत गूळ घेऊन घरोघर निघाली. "घ्या बाई, तोंड गोड करा. लढाई संपली. माहा चंद्रभान येते आता." कोणी दार लावून घेतलं, कोणी परातीला धक्का दिला. एक जण म्हणाला, "आमचं घर बुडालं आन हे गूळ वाटून राहिली." तिला काही कळेना. सांडलेला गूळ वेचून ती तशीच अंगणात आली.

जानराव खाटेवर बसले होते. त्यांनी परात पाहिली आणि त्यांचा तोल गेला. "काय चालवलं हे? तुहा पोरगा त्या लढाईत नव्हताच!"

अंगणात रऊफ बैल सोडत होता. मनकर्णाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो येऊन छपरीत खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. बेतवा नदीच्या काठी तळ होता. समोरच्या टेकडीवर बंडवाले होते. दुसऱ्या सकाळी त्यांच्यावर चालून जायचं होतं. त्या रात्री चंद्रभान उठला, म्हणाला, "माह्यानं होत नाही," आणि टेकडीकडं गेला.

मला वाटलं, आता ही छाती पिटेल, रऊफला शिव्याशाप देईल. तिनं गुळाची परात खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "गेला तवा पोटात काही होतं का त्याच्या?"

रऊफ घुटमळला. "व्हय माय. भाकर खाल्ली होती."

"कोणाच्या हातची?"

"माह्या." त्यानं खाली पाहिलं. "म्हणे, लय भूक लागली. म्या थापली आन त्यानं माह्या हातातूनच घेतली."

जानराव ताडकन उठले. कुणब्याच्या पोरानं, रऊफच्या हातची! मनकर्णाबाईनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं आणि ते पुन्हा बसले.

"मंग त्यानं तुह्यं मीठ खाल्लं," ती म्हणाली. "तुह्यावर नेम नसंल धरला त्यानं." मग म्हणाली, "आन तू?"

रऊफ लहान मुलासारखा रडायला लागला. छातीवर बिल्ला मिळालेला शिपाई तो. "म्या आभायात झाडली, माय. सारा दिवस आभायातच झाडली. आजवर कोणाले सांगतलं नाही. पण बाकीच्यायनं नाही ना झाडली आभायात."

ते ऐकताच माझा तो काटकुळा गोलंदाज, कणीस चोळणारा, मला आठवला. इतकी वर्षं मी समजत होतो की त्याचा नेम चुकला. आता वाटलं, कदाचित चुकला नसेल. खरं काय ते मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवसापासून माझी लाज गेली.

मनकर्णाबाईनं डोळे पुसले. आत जाऊन दोन ताटं वाढली आणि रऊफला म्हणाली, "आत ये. इथंसा बस, त्याच्या जागेवर." रऊफ उंबऱ्यापाशी थबकला. तिनं त्याचा हात धरून त्याला आत घेतलं. दुसरं ताट चंद्रभानसाठी झाकून ठेवलं. त्याचं जेवण होताच तिनं मला पारड्यातून काढलं आणि या दाराला लावलं. चंद्रभान कधीही आला तरी त्याला दार वाजवावं लागू नये, असं म्हणाली. पळालेला माणूस दार वाजवायला भितो.

त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून हे दार लागलेलं नाही. थंडीत वारा शिरतो, कुत्री शिरतात. घरात दोन म्हातारी माणसं दोन कोपऱ्यांत बसून असतात. रऊफ बाजारच्या दिवशी येतो, आत जेवतो आणि जातो. एकदा गायीच्या पायानं मी सरकलो आणि दार अर्धं लागलं. जानरावांनी इकडं तिकडं पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली आणि पायानं मला हळूच जागेवर लोटलं. मग खोकत निघून गेले.

रात्रभर मी रस्त्याकडं बघत असतो. मातीत असताना कोणाची वाट पाहायची नव्हती, म्हणून एकटेपण सोसलं. हे त्याहून जड आहे.

तुम्ही वाटसरू दिसता. पलीकडं कुठं जाणार असाल, नर्मदेपलीकडं नाहीतर समुद्रापलीकडं, आणि डाव्या अंगठ्याला नख नसलेला वऱ्हाडी बोलीचा माणूस भेटला, तर तो कोणाच्या बाजूनं लढला ते विचारू नका. त्याला एवढंच सांगा की माफी झाली, लढाई संपली, दोन्ही संपल्या, आणि आईनं ताट झाकून ठेवलंय.

उठा आता, ऊन कललं. आणि जाताना सवयीनं दार ओढून घेऊ नका.