बोटभर फट

इंजिनिअरांनी जाळीचं दार ओढून लावलं, कडी बसल्याचा आवाज नीट ऐकला आणि मगच पाचव्या मजल्याचं बटण दाबलं. जुनी लिफ्ट उचकी लागल्यासारखी एकदा हलली आणि वर निघाली.

शेजारी विहीणबाई चहाचा थर्मास छातीशी धरून उभ्या होत्या. चहा नुकताच खाली कँटीनमधून भरून घेतला होता. झाकण लावत असतानाच त्यांच्या मुलाचा, म्हणजे इंजिनिअरांच्या जावयाचा, वरून फोन आला होता. "आई, बाबांना घेऊन वर ये. डॉक्टर भेटायला बोलावतायत." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला होता.

"इतक्यात?" विहीणबाईंनी आता दुसऱ्यांदा विचारलं. "संध्याकाळ होईल म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते."

"मग?"

दाराची मूठ इंजिनिअरांच्या हातातच होती.

त्यांच्या मुलीच्या डोक्यात गाठ होती. सकाळी तिला ऑपरेशनला आत नेताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की उघडून बघितल्याशिवाय काही बोलता यायचं नाही, काम लांबेल, धीर धरा. आणि आता तर अजून कुणाची जेवायची वेळही झाली नव्हती.

सगळं आयुष्य त्यांनी देशोदेशी लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवलं होतं. वेळेआधी संपलेल्या कामाचे दोनच अर्थ त्यांना ठाऊक होते. एक म्हणजे बिघाड वाटला होता त्याहून लहान निघाला. नाहीतर झाकण उघडून बघितलं, आत हात लावण्यासारखं काही उरलेलं नाही असं दिसलं, आणि झाकण परत लावून टाकलं. तिसरा अर्थ त्यांना कोणत्याही देशात भेटला नव्हता.

पहिला मजला खाली गेला. जाळीतून बाकावर बसलेली माणसं दिसली आणि बुडाल्यासारखी नाहीशी झाली. दुसरा मजला गेला. आणि मग त्यांच्या हातानं, त्यांना न विचारता, मूठ बोटभर मागे ओढली.

गचका बसला. लिफ्ट थांबली.

समोर गिलावा न केलेली भिंत होती. विटांवर कुणा गवंड्यानं खडूनं मारलेली फुली अजून तशीच होती. दिवा चालू होता, पंखा कुरकुरत होता.

"अगं बाई! काय झालं?"

"थांबली."

"ते दिसतंय मला. का थांबली?"

"जुनी आहे."

"जुनी तर मीपण आहे. मी थांबलेय का कुठे?"

एरवी ते हसले असते. विहीणबाईंची जीभ अशी तिखट होती, हे लग्न ठरवायच्या बैठकीतच दोन्ही घरांना कळलं होतं.

"तुम्ही लिफ्टवाले ना, व्याहीबुवा? मग करा की काहीतरी."

"बघतो," ते म्हणाले, आणि कशाकडेच बघितलं नाही. दाराला खांदा टेकवून ते असे उभे राहिले, की मूठ त्यांच्या अंगाआड गेली.

अशा लिफ्टचं दार बोटभर जरी उघडं राहिलं तरी आतला वीजजोड तुटतो आणि ती जागच्या जागी उभी राहते. ही साधी सोय माणसाचा हात सापडू नये म्हणून केलेली असते. शिकाऊ पोरांना ते पहिल्याच दिवशी हे दाखवत आणि दम भरत, चालत्या लिफ्टमध्ये दाराला हात लावाल तर हात मोडून देईन. आज त्यांचाच हात दारावर होता, आणि तो काही केल्या निघत नव्हता. मूठ पुढे सारायची, संपलं. लहान मुलालाही जमेल. पण बोटं लाकडाची झाली होती.

विहीणबाईंनी मोबाईल काढला, पडद्याकडे बघितलं आणि परत पिशवीत टाकला.

"रेंज नाही वाटतं?" इंजिनिअरांनी विचारलं.

विहीणबाईंच्या कोपराजवळच घंटेचं बटण होतं. तेही त्यांनी दाबलं नाही.

अडकलेली माणसं बाहेर काढणं हा इंजिनिअरांच्या कामाचाच भाग होता. ते वरून वाकून खालच्या अंधाराला सांगत, "घाबरू नका, काही होत नाही." खालून रडणं ऐकू येई, कुणी देवाचं नाव घेई, कुणी त्यांच्या आईबापांचा उद्धार करी. त्यांना मनातून हसू येई. एवढे जाड दोर, एवढे ब्रेक, मग घाबरायचं कशाला? आज त्यांच्या मानेवरून घामाची धार चालली होती आणि दोराचा विचार एकदाही मनात आला नव्हता. वर पाचव्या मजल्यावर कुणीतरी त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते वाक्य कानावर पडेपर्यंत मुलीचं काहीही झालेलं नव्हतं. ते या भिंतीसमोर उभे होते तोवर ती जिवंत होती. निदान मेली तरी नव्हती.

तो शब्द मनात आला आणि ते दाराला आणखी रेलले.

"बसा हवं तर खाली," विहीणबाई म्हणाल्या.

"नको. बरं आहे."

"तोंड बघा कसं झालंय. पांढरं फटक." त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि भिंतीला टेकल्या. "बोला काहीतरी. गप्प बसलं की पंख्याचा आवाज खातो मला. एवढं जग फिरलात तुम्ही. काय बघितलंत, ते तरी सांगा."

"काय सांगू?"

"आम्ही जन्मात शेजारच्या गावाच्या पुढे गेलो नाही. तुम्ही विमानानं समुद्र ओलांडलेत. काहीतरी कळलं असेल ना?"

निवृत्तीच्या कार्यक्रमातही त्यांना कुणीतरी हेच विचारलं होतं, प्रवासानं काय शिकवलं. तेव्हा हातात फुलं होती आणि समोर माणसं होती. माणूस सगळीकडे सारखाच असतो, असं काहीसं ते बोलले होते आणि टाळ्या पडल्या होत्या. घरी येताना मात्र त्यांना वाटलं होतं, आपण हे कुठूनतरी ऐकलेलं बोललो. प्रत्येक देशात ते खड्ड्यात उतरले होते. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो ना, तिथे. वरून शहरांचा नुसता उजेड खाली यायचा. देवळं, राजवाडे, समुद्रकिनारे पोस्टकार्डावर होते, ते त्यांनी मुलीला पाठवून दिले. ती फोनवर विचारायची, बाबा, तिथली माणसं कशी आहेत? आणि ते आपल्याला माहीत होतं तेवढं सांगायचे.

"लोक लिफ्टमध्ये कसे उभे राहतात, ते बघितलंय मी," ते म्हणाले.

"अहो, हे काय सांगणं झालं?"

"खरंच. एका ठिकाणी आत शिरलं की सगळे स्वतःच्या बुटांकडे बघत उभे राहायचे. वर बघणं म्हणजे उद्धटपणा. दुसरीकडे दार बंद होता होता कुणी लांबून पळत येताना दिसला, की सगळे मिळून दार धरून ठेवायचे. मग रोज सगळ्यांनाच कामाला उशीर. वरिष्ठ बोलले तर म्हणायचे, साहेब, माणूस येत होता."

"हे बरं आहे," विहीणबाई म्हणाल्या. "आणि?"

"आणखी एका शहरात आत येणारा प्रत्येक जण सगळ्यांना नमस्कार करायचा, आणि उतरताना प्रत्येकाचा..."

ते थांबले.

"प्रत्येकाचा काय?"

"निरोप घ्यायचा," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, ओळखीचे असतील. नव्हते. एकाला विचारलं तर म्हणाला, पुन्हा भेट होईल याची खात्री कुणी दिलीय?"

पंखा कुरकुरत राहिला. ती गोष्ट त्यांनी इतक्या जणांना गंमत म्हणून सांगितली होती. सकाळी मुलीला आत नेताना ते तिच्या उशीची सुरकुती सारखी करत बसले होते. तिनं हात वर केला तोवर दार लागलंही होतं.

तेवढ्यात खालून जाळी वाजवल्याचा आवाज आला आणि एक पुरुषी आवाज खड्ड्यातून वर चढला.

"ओ, वरचे! दार लावा की नीट! संसार थाटलाय का आत?"

क्षणभर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. विहीणबाईंच्या नाकातून हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात धरला, तरी खांदे हलत राहिले. इंजिनिअरांनाही हसू आलं. मग दोघंही एकदम गप्प झाले, जणू हसताना कुणी पकडलं होतं.

"व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या, "हात दुखला असेल तुमचा."

इंजिनिअरांच्या कानशिलात आग पेटली. खांद्याआडची मूठ एकाएकी जड झाली.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"तुम्ही ओढलीत तेव्हाच. आमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये अशीच होती. माझा पोरगा लहान असताना मुद्दाम दार ओढून दोन मजल्यांच्या मधे थांबवायचा. चांगला बडवलाय मी त्याला त्यावरून."

"मग बोलला का नाहीत?"

विहीणबाई वाकल्या, थर्मास उचलला आणि बाहीनं त्याचं झाकण पुसत राहिल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

इंजिनिअरांना लाज वाटली. वर मुलगी, तिच्याजवळ एकटा जावई, आणि आपण म्हातारे इथे लपाछपी खेळतोय. त्यांनी श्वास घेतला, दुसऱ्या हातानं स्वतःचीच बोटं सैल केली आणि मूठ पुढे सारली. कडी बसली. लिफ्टनं उचकी दिली. विटा खाली सरकू लागल्या, खडूची फुली त्यांच्या गुडघ्यापाशी आली.

शेजारून एक हात आला आणि त्यानं मूठ मागे ओढली.

पुन्हा गचका. पुन्हा विटा.

"थोडा वेळ," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी मूठ सोडली नाही. "फक्त थोडा वेळ."

इंजिनिअर त्यांच्याकडे बघत राहिले. ही बाई घाबरू शकते हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मुलीचं दुखणं कळल्यापासून दवाखान्याच्या सगळ्या चकरा यांनीच मारल्या होत्या, डॉक्टरांशी वाद यांनीच घातले होते, आणि जावई रडला तेव्हा त्याला "रडून गाठ विरघळते का रे?" असं विचारणाऱ्याही ह्याच.

"सकाळी तुमची लेक मला म्हणाली," विहीणबाई भिंतीशी बोलल्यासारख्या बोलल्या, "आई, बाबांना सांभाळा, त्यांना घाबरू देऊ नका. मी म्हटलं, ते कशाला घाबरतायत, जग फिरलेला माणूस. तर म्हणाली, तुम्हाला माहीत नाहीत ते. आणि हसली." त्यांनी थर्मास छातीशी घट्ट धरला. "माझ्याबद्दल मात्र नाही. मला सांभाळा म्हणून कुणाला सांगितलं नाही तिनं. तिला वाटतं, मी दगड आहे."

"तसं नाही."

"तसंच आहे. मीच वाटू दिलंय."

इंजिनिअरांनी आपला हात मुठीवर, त्यांच्या हाताशेजारी ठेवला. ओढला नाही, सारलाही नाही. दोन हात एका मुठीवर राहिले.

मग वरून आवाज आला.

"आई! बाबा! आत तुम्हीच आहात का?"

जावई होता. दोघांनीही माना वर केल्या. छताच्या पत्र्यापलीकडून आवाज पुन्हा आला, "अहो, कुणी आहे का आत?" खड्ड्यात तो घुमला, भिंतींवर आपटला आणि फुटून खाली गेला.

"कसा वाटला?" विहीणबाई कुजबुजल्या. "तुम्हाला तर आवाजावरून कळतं ना सगळं?"

इंजिनिअरांनी कान टवकारले होते. आवाज चढा होता. घशात काहीतरी अडकलेलं होतं. पण माणसाच्या घशात आनंदानंही अडकतं.

"मशीन असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले.

"मी तर त्याची आई आहे. मलाही कळेना."

वरून जाळी हलवल्याचा आवाज आला. तो कुलूप ओढत असावा. वाकून बघतोय, तोल जाईल, इंजिनिअरांच्या मनात आलं आणि कामावरचा जुना आवाज त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"दारापासून लांब हो! आम्ही आत आहोत. येतोय वर."

"बाबा! लवकर या!"

"येतोय," त्यांनी परत सांगितलं, आणि विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं, केस कानामागे सारले, जणू फोटोला उभं राहायचं होतं. मग मान हलवली. मूठ दोघांनी मिळून पुढे सारली.

तिसरा मजला गेला. एक नर्स ट्रे घेऊन चालली होती. चौथा गेला. तिथे कुणीच नव्हतं, नुसती पुसलेली फरशी चकाकत होती. विहीणबाईंनी इंजिनिअरांच्या शर्टाची बाही घट्ट पकडली.

"माझ्यात बघायची ताकद नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा. मला सांगा."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. इंजिनिअरांनाही मिटून घ्यायचे होते. पण एका लिफ्टमध्ये दोघांनी डोळे मिटून कसं चालेल? त्यांनी जाळीच्या चौकोनात नजर रोवली.

पाचव्या मजल्याची कड वरून खाली येऊ लागली. आधी पाय दिसले. जावयाच्या बुटाची नाडी सुटलेली होती. त्याच्या शेजारी डॉक्टरांच्या पांढऱ्या रबरी चपला होत्या, इतक्या जवळ, की बुटांची टोकं त्यांना टेकली होती. मग गुडघे आले. मग हिरव्या झग्याचा घेर. मग हात. जावयानं डॉक्टरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता.

"काय दिसतंय?" विहीणबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"हात."

"कसे?"

त्यांनी त्या हातांकडे बघितलं. ते कुणाचे आभार मानतानाही असेच धरले जातात, आणि कुणाचा आधार घेतानाही.

"थांबा," ते म्हणाले. "चेहरे अजून यायचेत."