शेवटच्या पानांवरची उत्तरं

इंटर सायन्सच्या मुलांसाठी ह्यांनी रसायनातल्या गणितांचं इंग्रजी पुस्तक लिहायला घेतलं. गणितं ह्यांची, शेवटच्या पानांवर छापायची उत्तरं माझी. बी.एस्सी. होऊन अंधेरीला सून म्हणून आले, त्यानंतर प्रथमच कुणी मला काही सोडवायला दिलं होतं. "प्रस्तावनेत तुझं नाव घालतो," हे म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

प्रुफं आली तेव्हा एका उत्तरावर ह्यांचं पेन थांबलं. बंद भांड्यात कार्बन मोनॉक्साइडचा आंशिक दाब चार अ‍ॅटमॉस्फियर, ऑक्सिजनचा तीन. ठिणगी पाडली, सगळा मोनॉक्साइड जळला, भांडं पुन्हा मूळ तापमानाला आणलं. आता एकूण दाब किती?

"पाच कसा गं? चार नि तीन सात. भांडं बंद आहे, दाब जाईल कुठं?"

"वजन तेवढंच राहतं हो, पण रेणू कमी होतात, नि दाब रेणूंच्या संख्येवर असतो. चार मोनॉक्साइडला ऑक्सिजन दोनच लागतो. एक उरला. डायऑक्साइड झाला चार. म्हणून पाच."

"मला शिकवू नकोस. दूध बघ, उतू जाईल."

दूध खरंच उतू जात होतं. उतरवून परत आले, तर पाच खोडून सात झाले होते.

पुस्तक निघालं. प्रस्तावनेत प्राचार्यांचे आभार होते, छापखान्याचेही होते. "जागाच उरली नाही गं. दुसऱ्या आवृत्तीत नक्की."

दिवाळीत ह्यांचे विभागप्रमुख मार्तंडराव फराळाला आले. चकली मोडत म्हणाले, "विद्याधर, त्या मोनॉक्साइडच्या गणितात दोन अ‍ॅटमॉस्फियर जास्तीचे कुठून आणलेस रे? पोरं हसतायत वर्गात!"

ह्यांचे कान लाल झाले. "उत्तरं हिनं काढली होती, सर. मी विश्वास ठेवला."

मी चहा घेऊन दारात उभी होते. "मी पाच लिहिलं होतं," मी म्हणाले.

"असू द्या हो, सुनंदाबाई," मार्तंडराव समजुतीनं म्हणाले. "घरकाम सांभाळून चूक व्हायचीच."

हे चहात साखर ढवळत राहिले.

जूनमध्ये दुसरी आवृत्ती आली. ह्यांनी शब्द पाळला होता. प्रस्तावनेच्या शेवटी लिहिलं होतं, "पहिल्या आवृत्तीतली उत्तरं माझी पत्नी सौ. सुनंदा हिच्यावर सोपवल्यामुळे एक चूक राहून गेली. या वेळी सर्व उत्तरं मी स्वतः तपासली आहेत."

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. ह्यांनी त्यांना माझं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं आणि कॉलेजला निघून गेले. सासूबाईंनी ते पान उघडून देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारणीला हाक मारली.

"आमच्या सुनेचं नाव छापलंय पुस्तकात! सांग गं, काय लिहिलंय?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"आभार मानलेत," मी म्हणाले.