चौथी आवृत्ती

जुन्या वस्तू जमवणारे भिंगवाले दुरुस्तीच्या दुकानात आले ते हातात पांढरे मोजे घालूनच. मागून त्यांचा मेहुणा चार खोकी छातीशी धरून येत होता. बिचाऱ्याला शिंकायचीसुद्धा परवानगी नसावी.

दुरुस्तीवालीने टेबल पुसून दिलं. त्यांनी ते आपल्या रुमालाने पुन्हा पुसलं आणि जुन्या व्हिडिओ गेमची तीन मशीनं एकेक करून मांडली.

"हे पहिलं व्हर्जन. उचलून बघा. आत लोखंडी पत्रा आहे, मागे हेडफोनचं भोक. दुसऱ्यात भोक गेलं, पत्रा गेला, चिंगूसपणा सुरू झाला. आणि तिसरं? तिसऱ्याचं नावच काढू नका!"

"यातलं तुम्ही जास्त कुठल्यावर खेळता?" तिने सहज विचारलं.

"खेळतो?" भिंगवाल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, हे वापरायचं नसतं."

ज्याने जन्मात कधी बटण दाबलं नाही, तो बटणाच्या रंगावर तासभर बोलणार. नाकाने कांदे सोलणारी अशी माणसं तिने रग्गड पाहिली होती, पण हा त्यांचा मुकुटमणी होता.

मग चौथं मशीन बाहेर आलं. बाहेरचं कवच पहिल्या व्हर्जनचं, तळाला कंपनीचं सील शाबूत. पण हवेच्या फटींतून बॅटरी मारली की आत तिसऱ्या व्हर्जनचा सर्किट बोर्ड दिसायचा. जगाला ठाऊक नसलेलं चौथं व्हर्जन! त्यावर भिंगवाल्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं. फक्त जाणकाराचं एक पत्र हवं होतं, की हे काम फॅक्टरीतलंच आहे, बाहेरचा हात लागलेला नाही. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात अकरा वर्षं काढलेली या भागात ती एकटीच उरली होती.

"त्या सात तारा बघा," भिंगवाल्यांचा आवाज हळवा झाला. "काटकोनात वळवल्यात, एकीवर दुसरी चढलेली नाही. काय ते सोल्डरिंग! असा कारागीर आता शोधून सापडणार नाही."

तिने फटीला डोळा लावला. त्या तारा तिच्याच होत्या. हे मशीन केंद्रात दुरुस्तीला आलं तेव्हा पहिल्या व्हर्जनचे बोर्ड संपले होते आणि केंद्राचे साहेब म्हणाले होते, भंगारात टाक. तिने हट्टाने तिसऱ्याचा छोटा बोर्ड त्या मोठ्या कवचात बसवला आणि बटणांपर्यंत सात तारा नेल्या. बसवल्यावर साहेब म्हणाले होते, एवढा वेळ लागतो का? अकरा वर्षांत कौतुकाचा एक शब्द कानावर पडला नव्हता. आज पडला, आणि तिचा ऊर भरून आला.

"हे मी केलंय," ती म्हणाली.

भिंगवाले हसले. "अहो, सील आहे त्यावर."

"सीलचा रोल आमच्याच टेबलावर असायचा. दुरुस्ती झाली की नवीन लावायचो. आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने आपली खूण आणि तारीख घालायची, असा केंद्राचा नियम होता. उघडून दाखवू?"

भिंगवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याने मात्र पहिल्यांदाच मान वर केली. अखेर संशय काही त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी हात हलवून परवानगी दिली. तिने गरम हवेने सील अलगद सोडवलं, स्क्रू काढले आणि झाकण उलटं केलं. खूण होती, खाली तारीख होती.

भिंगवाल्यांनी भिंगातून ती वाचली, मग परत वाचली. ती वाट पाहत होती. पुस्तकात नाव नको, फोटो नको. मघाचं तेच वाक्य त्यांनी आता तिच्याकडे बघून म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

त्यांनी तिच्या पेन्सिलींच्या पेल्यातलं खोडरबर उचललं आणि खूण पुसली. नीट पुसली, फुंकर मारून भुगाही उडवला.

"आता सील होतं तसं लावा," ते म्हणाले, "आणि पत्र द्या. तुमची मजुरी काय ती सांगा."

सोल्डरिंग आयर्न तापलेलंच होतं. तिने पहिली तार सोडवली, मग दुसरी.

"अहो! अहो, काय करताय? ओरिजिनल आहे ते!"

"हो," ती म्हणाली. मेहुण्याने भिंगवाल्यांचा दंड धरून ठेवला, का ते त्याचं त्यालाच माहीत. सातही तारा निघेपर्यंत ती थांबली नाही. मग तिने झाकण लावलं, स्क्रू पिळले, सील जागच्या जागी चिकटवलं आणि मशीन त्यांच्या मोजे घातलेल्या हातांत ठेवलं.

"परत लावा त्या!" भिंगवाल्यांचा आवाज चिरकला. "तुमच्याशिवाय कोण लावणार?"

"फॅक्टरीतून लावून आणा," ती म्हणाली आणि तारा ड्रॉवरमध्ये टाकल्या.