अंडं बघायचा पेला

मी पेला बोलतोय. पाण्याचा नव्हे, सरबताचा तर नव्हेच. अंडं बघायचा पेला! हसू नका. पस्तीस वर्षं झाली, माझ्या काठाला कुणी ओठ लावलेला नाही. माझ्यात अंडं फोडायचं, मला उजेडाकडे धरायचं, फिरवून फिरवून बघायचं आणि रक्ताचा ठिपका नसेल तरच ते अंडं पुढे जाऊ द्यायचं, एवढंच माझं काम. ठिपका दिसला की ते अंडं बाद. आमच्यात, म्हणजे ज्यू लोकांत, रक्त पोटात जाऊ देत नाहीत.

माझा जन्म ब्युनोस आयर्सजवळच्या एका काचकारखान्यातला. आम्ही सहा भावंडं एकाच खोक्यातून सरीना दुएक बाईंच्या घरी आलो. चौघं धुताना फुटले. पाचव्याला बाईंच्या लेकीच्या लग्नात, रीतीप्रमाणे, नवऱ्या मुलाच्या टाचेखाली मोक्ष मिळाला. सगळे अभिनंदनाचं "माझेल तोव!" म्हणून नाचले. त्या मांडवात रडणारा मी एकटाच.

मी टिकलो तो सरीनाबाईंच्या नवसामुळे. त्यांची लेक नोएमी सातव्या महिन्यात जन्मली, मुठीएवढी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. बाई त्या पेटीला कपाळ टेकवून म्हणाल्या, "देवा, एवढी जगू दे. कोशेर नाही असा घास मी आयुष्यात तोंडात घालणार नाही. घरी असो की परगावी."

कोशेर म्हणजे आमच्या धर्माच्या नियमांत बसणारं अन्न; घरी ते सोपं होतं. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, खाटीक ओळखीचा. पण 'परगावी' हा शब्द बाईंनी उगाच उच्चारला, असं घरातले सगळे पुढे जन्मभर म्हणत आले. लोक समुद्रावर जाताना पोहायचे कपडे नेतात. दुएकांकडचे शेगडी न्यायचे. चार दिवसांच्या सहलीला तपकिरी पेटी भरायची. पातेलं, सुरी, द्राक्षाच्या पानांचे गुंडाळे, खिम्याच्या छोट्या भाकऱ्या, कागदी ताटल्या. पेटी उचलणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "बाई, यात दगड आहेत का?" मी मात्र पेटीत कधी गेलो नाही. रुमालात गुंडाळून बाईंच्या हातातल्या पिशवीत. सामानात काचेचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग ती मुठीएवढी नोएमी मोठी झाली, एर्नान ग्लुस्मान नावाच्या मुलाशी तिचं लग्न झालं आणि आठ वर्षांपूर्वी दोघं पार दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी एस्केलला राहायला गेली. एर्नान आपल्यातलाच, पण त्याच्या घरी कोशेरचा नेम दोन पिढ्यांपूर्वीच सुटलेला. माणूस चांगला, मेंढ्या-कोंबड्यांत रमणारा, बडबड्या. नोएमीनेही तिकडे गेल्यावर नेम सैल केले.

चार वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा तिच्याकडे गेल्या, अर्थात पेटी घेऊन. नोएमीने लाल भोपळ्याचं सूप केलं होतं. बाई कोपऱ्यात बसून आपल्या कागदी ताटलीत थंडगार गुंडाळे खात राहिल्या. तीन दिवस नोएमीने ते पाहिलं. चौथ्या दिवशी फुटलीच.

"माझ्या नावाने नवस केलास, आणि माझ्याच हातचं तुला चालत नाही!"

"तुझ्या हातचं चालतं गं. तुझ्या भांड्यांतलं चालत नाही."

"मग पुढच्या वेळी ती पेटी घेऊन यायचं असेल, तर येऊच नकोस."

त्यानंतर मायलेकी दर शुक्रवारी फोनवर बोलायच्या, पण फक्त हवेबद्दल. मी ओट्यावरून ऐकायचो. तिकडे वारा किती आणि इकडे उकाडा किती. फोन ठेवला की बाई शब्बाथचे, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावायच्या, डोळ्यांवर हात धरायच्या आणि सगळ्यांसाठी मागून झाल्यावर हळूच आणखी एक मागायच्या, "लेकीच्या हातचा एक गरम घास. नवस न मोडता."

यंदा वसंतात त्यांनी तिकीट काढलं. देवावर विश्वास होता, पण पोटाचीही सोय हवी, म्हणून पेटीही भरली. एक दिवस आणि वर सहा तासांचा प्रवास. मधे बारिलोचेला बस बदलायची. बाई बदलल्या, मी बदललो. पेटी बदलली नाही. ती पहिल्याच बसच्या पोटात बसून कुठेतरी भलतीकडे निघून गेली. चौकशीच्या खिडकीवर सांगितलं, चार दिवसांनी येईल.

एस्केलच्या थांब्यावर नोएमी उभी होती. तिने आईकडे पाहिलं, आईच्या हातांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आई! पेटी नाही आणलीस?"

बाईंना खोटं बोलता येत नाही. "आणली होती. हरवली."

उजळलेला चेहरा जसा आला तसा गेला. सासूला 'दोन्या', म्हणजे 'बाईसाहेब', म्हणणाऱ्या एर्नानने बिचाऱ्याने सावरायला पाहिलं. "दोन्या सरीना, पेटीला आमच्याआधी फिरायची घाई झाली, दुसरं काय!" कुणी हसलं नाही.

तो दिवस बाईंनी पिशवीतल्या दोन काकड्या, बिस्किटं आणि नोएमीने दिलेल्या चार सफरचंदांवर काढला. रात्री एर्नान दाराआड कुजबुजला, "तुझी आई माझ्या मेंढीपेक्षा कमी खाते."

सकाळी नोएमी कुणाला न सांगता बाजारात गेली आणि परत येऊन तिने एक पुडकं आईसमोर आदळलं. नवं कोरं फ्रायपॅन, लाकडी मुठीचं. नवी सुरी. नवा चमचा. सीलबंद तेलाची बाटली.

"घे. यांना कुणीच शिवलेलं नाही. आता तरी?"

सरीनाबाईंनी फ्रायपॅन हातात घेतलं. माझ्या अनुभवाने सांगतो, नातवंड झालं तर त्यालाही बाई इतक्या प्रेमाने धरणार नाहीत. पण लगेच त्यांनी ते परत खाली ठेवलं. "अगं, याला अंघोळ घालावी लागेल."

आमच्यात नव्या भांड्याला वाहत्या झऱ्याच्या किंवा साठवलेल्या पवित्र पाण्यात पुरतं बुडवल्याशिवाय वापरत नाहीत. मीही बुडालेलो आहे. नोएमीने डोळे मिटले. मला वाटलं, आता फ्रायपॅन भिंतीवर जाणार. पण एर्नान म्हणाला, "मागे ओढा आहे की! झऱ्याचाच आहे. बारा महिने वाहतो."

बाईंनी ब्युनोस आयर्सला फोन लावून आपल्या हाखामांना, म्हणजे धर्मगुरूंना विचारलं. "चालेल," ते म्हणाले. "चिकटवलेला कागद काढा, खालचा डिंकसुद्धा. आणि मूठ सैल धरा. घट्ट धरलं तर हाताखाली पाणी लागत नाही."

ओढ्याच्या काठावर बाईंची पिशवी दगडावर ठेवली होती आणि तिच्या तोंडाशी मी. म्हणून पुढचं सगळं मला नीट दिसलं. नोएमी गुडघाभर पाण्यात उतरली. पाणी इतकं गार की तिच्या तोंडून जे निघालं ते प्रार्थनेत बसणारं नव्हतं. बाईंनी काठावरून आशीर्वचनाचा पहिला शब्द काढला. आठ वर्षांत ती हे विसरली असेल, असं त्यांना वाटलं असावं. पण उरलेलं सगळं नोएमीने एका दमात म्हटलं, तेही बाईंच्याच सुरात.

सुरी झाली. चमचा झाला. फ्रायपॅन तिने दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबलं.

"मूठ सैल कर!" बाई ओरडल्या.

"केली आहे!"

"बोटं पांढरी पडलीत, इथून दिसतंय मला! सोड जरा!"

"सोडलं तर जाईल!"

"नाही जात! सोड!"

तिने सोडलं आणि ते गेलं. लाकडी मूठ वर, पोट खाली, गटांगळ्या खात फ्रायपॅन निघालं थेट दरीच्या दिशेने. "धर!" म्हणून एर्नान बुटांसकट ओढ्यात उडी मारून आडवा पडला. नोएमी त्याच्यावर अडखळली. आणि अडुसष्ट वर्षांच्या सरीनाबाई, ज्यांनी समुद्रातही कधी घोट्यापुढे पाय घातला नव्हता, स्कर्ट वर खोचून खालच्या वळणावर धावल्या, पाण्यात शिरल्या आणि फ्रायपॅन पोटाशी अडवून मटकन खाली बसल्या.

क्षणभर तिघंही पाण्यात बसून एकमेकांकडे बघत राहिले.

"दोन्या सरीना," एर्नान दात वाजवत म्हणाला, "आता मीसुद्धा कोशेर झालो का?"

बाई हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की नोएमीला त्यांना दोन्ही काखांत हात घालून उठवावं लागलं. उठल्यावरही नोएमीने हात लगेच काढला नाही.

घरी येऊन, जुनं खरकटं जळून जावं म्हणून, शेगडी लाल होईपर्यंत तापवली. एर्नान कोरडे कपडे घालून, छाती पुढे काढून टोपली घेऊन आला. नऊ अंडी. "माझ्या कोंबड्यांची. बाजारात असली बघायला मिळणार नाहीत. आणि आमचा कोंबडा! जनरल म्हणतो मी त्याला. काय रुबाब!"

बाईंचा हात थांबला. "कोंबडा आहे?"

"आहे म्हणजे काय! दिवसभर ड्यूटीवर असतो."

मी मनात म्हटलं, झालं. शहरातल्या अंड्यांनी कोंबड्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. त्यांत ठिपका महिन्यातून एखादा. पण जिथे असा कर्तबगार जनरल आहे, तिथे माझं काम वाढतं.

सरीनाबाईंनी मला रुमालातून काढलं. मला वाटलं, नेहमीसारख्या खिडकीशी जातील. पण त्यांनी मला नोएमीच्या हातात दिलं आणि स्वतः खुर्ची फिरवून खिडकीबाहेरच्या डोंगराकडे तोंड करून बसल्या.

"तू बघ," म्हणाल्या.

पस्तीस वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्याही नाही.

पहिलं अंडं. ठिपका. ते चोको कुत्र्याला. दुसरं, ठिपका. चोकोला. तिसरं, चौथं. चोको शेपटीने जमीन झाडू लागला. एर्नानच्या छातीतली हवा प्रत्येक अंड्यागणिक कमी होत गेली. पाचवं. सहावं. "त्या जनरलला आजच निवृत्त करतो," तो पुटपुटला. सातवं फुटकंच निघालं.

दोन उरली. नोएमीने आठवं माझ्यात फोडलं. पिवळा बलक टपोरा, सूर्यासारखा. तिने मला उजेडाकडे धरलं. फिरवलं. एर्नानने श्वास सोडला. आणि मग अगदी कडेला, सुईच्या टोकाएवढं काहीतरी तपकिरी दिसलं.

"काही नाहीये ते," एर्नान ओठांतल्या ओठांत म्हणाला. "मिरीचा कण असेल."

बाईंची पाठ आमच्याकडे होती. त्यांना ऐकू कमी येतं. नोएमीने आईच्या पाठीकडे पाहिलं. ओल्या केसांचा बारीक अंबाडा, आणि भुकेने जरा वाकलेले खांदे. हे अंडं पॅनमध्ये गेलं असतं तर जगात फक्त तिघांना कळलं असतं, आणि त्यांतला एक मी. मी कुणाला सांगणार?

नोएमीने मला तिरपं केलं. आठवं अंडंही चोकोला गेलं.

नववं तिने जपून फोडलं. उजेडाकडे. एकदा, दोनदा, तीनदा. स्वच्छ! इतकं स्वच्छ की मलाच माझ्या आरपार पलीकडचा डोंगर दिसला.

"आई, हे बघ, एक मिळालं. बघ तरी!"

बाईंनी मान वळवली नाही. "तू बघितलंस ना?"

"हो."

"मग मी कशाला बघू? मीठ कमी घाल."

एका अंड्याचं ऑम्लेट केवढंसं होणार! नोएमीने फ्रायपॅनच समोर ठेवलं. सरीनाबाईंनी हात धुतले, पुटपुटल्या आणि पहिला घास घेतला. जीभ भाजली, तरी त्या फुंकायला थांबल्या नाहीत. एर्नान दारात उभा राहून डोळे पुसत होता आणि ओढ्याच्या पाण्याने सर्दी झाली म्हणत होता.

पेटी चौथ्या दिवशी आली. आतलं कुणी खाल्लं नाही, चोकोनेही नाही. त्याचं पोट बिघडलं होतं.

परत जाताना बाईंनी मला बांधून घेतलं नाही. शुक्रवारी नोएमीने फोन केला, "आई, तुझा पेला इथेच राहिला."

"असू दे. पुढच्या महिन्यात येतेच आहे. पेटी आणत नाही, खांदा दुखतो."

तेव्हापासून मी इथेच आहे, नव्या फ्रायपॅनशेजारी, वेगळ्या फळीवर. जनरल शेजाऱ्याकडे गेला. ठिपके कमी झाले. नोएमी आता रोजची अंडीही माझ्यातच बघते, आई नसतानाही. कुणी विचारलं तर म्हणते, सवय राहावी म्हणून.

माझं मागणं फार नाही. कुणी पाहुणा आपली शिदोरी, आपलं भांडं घेऊन तुमच्या दारी आला, तर रागावू नका; त्याच्या पोटात तुमच्या हातच्या घासाची भूक असेल, फक्त वाट सापडत नसेल. आणि एर्नान, बाबा रे, काल तू माझ्यात बिअर ओतलीस. पस्तीस वर्षांचं माझं ब्रह्मचर्य! नोएमीने मला उकळत्या पाण्याने धुतलं म्हणून वाचलो. पुन्हा असं करू नकोस. तुझी सासू मंगळवारी येते आहे.